ओहोटीला खडकावरचे जीव मोजायचेत?
अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास जा, उधाणाला ओहोटी लांब जाते न् खालचे खडकपण उघडे पडतात. पाइपची अर्धा बाय अर्धा मीटरची चौकट करा, किनाऱ्याकडून पाण्याकडे दोरी टाका आणि ठरावीक अंतरावर चौकट ठेवून आत कालवं किती, गोगलगायी किती, शेवाळाने किती टक्के जागा खाल्लीय ते लिहा, फोटो पण काढा. भारी दिसतंय तिथेच चौकट टाकायचा मोह होतो, टाळा! नुसती यादी नको, कोण काय काम करतं तेही बघा, गोगलगायी शेवाळ खरवडतात, कालवं पाणी गाळतात. १९६३ पासून अमेरिकेत रॉबर्ट पेन या जीवशास्त्रज्ञाने एका खडकावरचे शिंपले खाणारे स्टारफिश काढत राहून बघितलं, तर शिंपल्यांनी बाकीच्यांना हुसकावलं. उलटवलेला दगड परत तसाच ठेवा हां.