शिस्तभंगाची नोटीस आल्यावर काय करावे

महाविद्यालयाकडून शिस्तभंगाची नोटीस आली की घाबरलेला विद्यार्थी बहुधा एकच गोष्ट करतो: प्राचार्यांच्या दालनाबाहेर उभ्या उभ्या, लिपिक सांगेल त्या शब्दांत, माफीपत्र लिहून देतो. प्रकरण तिथल्या तिथे मिटेल, अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात ते पत्र फाइलला लागते आणि पुढे कबुलीजबाब म्हणून वाचले जाते. म्हणून आरोप नेमका काय आहे हे कागदावर पाहिल्याशिवाय काहीही लिहून देऊ नये.

प्रकरण कोणाच्या अखत्यारीत येते, हे आधी ओळखावे. परीक्षेत कॉपी पकडली गेली असेल तर निर्णय महाविद्यालयाचा नसतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या परीक्षेतील प्रकरण २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार परीक्षा व मूल्यमापन मंडळाने नेमलेल्या समितीपुढे जाते, आणि तोवर निकाल सहसा राखून ठेवला जातो. त्यामुळे वर्धा, भंडारा किंवा गोंदियाच्या विद्यार्थ्याने अशा वेळी आपल्या प्राचार्यांकडे खेटे घालण्यात अर्थ नाही. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समितीकडे जाते. रॅगिंगच्या तक्रारीत तर १९९९ च्या राज्याच्या कायद्याने प्राचार्यांचेच हात बांधलेले आहेत: सात दिवसांत चौकशी करायची, आणि तक्रारीत सकृद्दर्शनी तथ्य आढळल्यास विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. न्यायालयात गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, शिवाय पाच वर्षे कोणत्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश नाही. अशा प्रकरणात खुलासा देण्यापूर्वीच वकिलाचा सल्ला घ्यावा. उरलेली प्रकरणे, म्हणजे मारामारी, तोडफोड, वसतिगृहातील गोंधळ, प्राध्यापकांशी उद्धट वर्तन, ही प्राचार्य आणि त्यांच्या शिस्तपालन समितीकडे राहतात.

नोटिशीत तारीख, ठिकाण, नेमके कृत्य आणि मोडलेला नियम हे चारही असायला हवेत. ‘आपले वर्तन समाधानकारक नाही’ एवढेच लिहिले असेल तर खुलाशाऐवजी आधी अर्ज द्यावा आणि आरोपाचा तपशील, तक्रारीची प्रत व नियमपुस्तिकेतील संबंधित पान मागावे. मुदत अपुरी असल्यास त्याच अर्जात वाढ मागावी. खुलासा लिहिताना प्रत्येक आरोपाला स्वतंत्र उत्तर द्यावे: जे घडले ते मान्य, जे घडले नाही ते स्पष्ट नाकारावे. घरची परिस्थिती, वडिलांचे आजारपण या गोष्टी शिक्षा सौम्य व्हावी म्हणून शेवटी लिहाव्यात, कारण त्या सुरुवातीला आल्या की विद्यार्थ्याकडे मुद्द्याचे उत्तर नाही असाच समितीचा ग्रह होतो. खुलासा आवक विभागात द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी.

सुनावणीला सहसा वकील चालत नाही. पालकांना सोबत आणायचे असल्यास आधी लेखी परवानगी घ्यावी. तक्रारदार प्राध्यापकच समितीवर असतील तर हरकत सुरुवातीलाच लेखी नोंदवावी, कारण शिक्षा झाल्यावर घेतलेल्या हरकतीला फारसे वजन उरत नाही. जबाबावर तो पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये, आणि न बोललेले वाक्य त्यात आढळल्यास सहीपूर्वीच दुरुस्त करून घ्यावे.

परीक्षा समितीनेही विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकूनच निर्णय द्यावा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घनश्याम दास गुप्ता प्रकरणात सांगितले. मात्र ऐकून घेणे म्हणजे कोर्टासारखी उलटतपासणी, असे मानू नये. रांचीच्या राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयातील ३६ विद्यार्थिनींनी वसतिगृहात शिरून गैरवर्तन करणाऱ्या मुलांविरुद्ध तक्रार केली, तेव्हा त्यांचे जबाब आरोपी विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीत घेतले गेले आणि नावे उघड केली गेली नाहीत. तरीही १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मुलांना दोन वर्षांसाठी काढून टाकण्याची शिक्षा कायम ठेवली. आरोप कळवले होते आणि बाजू मांडू दिली होती, एवढे तिथे पुरेसे ठरले. साक्षीदार समोर आणले नाहीत, या एकाच मुद्द्यावर विसंबणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

आदेश लेखी आणि कारणांसह मागावा. दंड भरेपर्यंत मूळ गुणपत्रिका वा दाखला अडवून ठेवला असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येते. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिचा निर्णय मान्य नसल्यास १५ दिवसांत विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येते. काढून टाकण्यासारख्या कठोर आदेशाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिकेचा मार्ग उरतो. तिथे पुरावा सहसा नव्याने तपासला जात नाही, कार्यपद्धती तपासली जाते. म्हणून सिव्हिल लाइन्समधल्या वकिलाकडे जाताना नोटीस, पोच असलेला खुलासा, जबाबाची प्रत आणि आदेश एवढे कागद तारखेप्रमाणे लावून न्यावेत.