चहात बुडवलेला सायनोटाइप: गडद, जुन्या वळणाचे फोटो घरच्या घरी

जुन्या काळातले वाटणारे, गडद, बघताना जरा गूढ वाटणारे फोटो हवे असतील तर अ‍ॅपमधला सेपिया फिल्टर नका लावू, मनापासून सांगतोय. तो सगळ्यांच्या फोटोवर सारखाच बसतो, हाताने केलेला प्रिंट मात्र दोनदा सारखा येतच नाही. मी सायनोटाइप करतो, म्हणजे केमिकल लावलेल्या कागदावर उन्हात निळा फोटो उमटवायची जुनी पद्धत, आणि तो निळा प्रिंट चहात टाकून काळपट तपकिरी करतो, डार्करूम लागत नाही.

फोटो पावसाळ्यात काढा. जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टिन चर्चचा पडका मनोरा जुलैत जाऊन बघा, जांभ्या दगडाचा चिरा भिजून जवळजवळ काळा झालेला असतो आणि मागे नुसतं पांढुरकं आभाळ, डिसेंबरातल्या उन्हात ते मिळणार नाही. त्या चर्चचं छत १८४२ साली कोसळलं आणि त्याच वर्षी इंग्लंडात जॉन हर्शेल या शास्त्रज्ञांनी सायनोटाइप शोधलं, म्हणून माझा पहिला प्रिंट मी मुद्दाम त्याच मनोऱ्याचा केला. जागा पुरातत्त्व खात्याची आहे, ट्रायपॉड न्यायचा तर आधी परवानगी घ्या. माणसाचा फोटो हवा असेल तर शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी असलेलं जुनं घर शोधा, तिच्यातून उजेड दुधासारखा येतो, माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवा, बाकीची दारं लावून घ्या आणि एक्स्पोजर एक-दीड स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) म्हणजे मागची खोली अंधारात जाते.

मग फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून उलटा करा, म्हणजे काळ्याचं पांढरं, आणि इंकजेट प्रिंटरवर ओएचपी शीटवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकवर, प्रिंट काढा. झाली निगेटिव्ह.

आता केमिकल. एका बाटलीत १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या बाटलीत १०० मिली पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. बाटल्या गडद रंगाच्या घ्या. सायट्रेटच्या बाटलीत आपल्या दमट हवेत बुरशी पटकन धरते म्हणून थोडंथोडंच बनवा. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका, आणि फेरिसायनाइडजवळ कडक अ‍ॅसिड अजिबात आणू नका, विषारी वायू होतो.

दोन्ही सारख्याच प्रमाणात मिसळून मंद पिवळ्या बल्बखाली जाड कॉटन पेपरवर ब्रशने लावा आणि अंधारात वाळवा. इथेच बहुतेकांचं बिघडतं. भर पावसात कागद वरून कोरडा वाटतो पण आत ओल राहते, मग डाग पडतात, आणि ऊनही भरवशाचं नसतं. म्हणून फोटो पावसात पण प्रिंट दसऱ्यानंतर, असं माझं ठरलेलं आहे. कागदावर निगेटिव्ह, वर काच, आणि कडक उन्हात १० ते १५ मिनिटं. गडद भाग राखाडी, कांस्यासारखे दिसायला लागले तरी अजून थोडं राहू द्या, कारण पुढे रंग उतरवायचाय. मग साध्या पाण्यात पिवळेपणा जाईपर्यंत धुवा आणि एक दिवस वाळू द्या, निळा आणखी गडद होतो.

दुसऱ्या दिवशी एक लिटर पाण्यात अर्धा चमचा धुण्याचा सोडा (खायचा नाही) घालून त्यात प्रिंट टाका. निळा बघताबघता उडून फिकट पिवळं चित्र उरतं, घाबरू नका, लगेच बाहेर काढून भरपूर धुवा. सोडा राहिला तर पुढचं सगळं वाया. मग दूध-साखर न घातलेला कडक काळा चहा, थंड केलेला, त्यात दोन-तीन तास. चहातलं टॅनिन कागदातल्या लोखंडाला धरतं आणि चित्र हळूहळू काळपट होऊन परत वर येतं, ते बघत बसण्यासारखं असतं खरंच. कॉफीनेही होतं पण मला चहाचाच काळा आवडतो, त्यात चिऱ्याची छटा येते. पांढरे भागही चहाचा रंग घेतात, ते नको असेल तर लवकर काढा, मी मात्र मनोऱ्यामागचं आभाळ तसंच मळकट ठेवलं.