चिपळूणचा पिन कोड उलगडताना

मोठ्या संख्येचे गुणधर्म शोधायचे असतील तर संगणकाला विचारण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. पावसाळ्यात वीज गेल्यावर पडवीत करण्यासारखे हे काम आहे. उदाहरणासाठी चिपळूणचा पिन कोड, ४१५६०५, घेऊ.

एककस्थानी ५ असल्याने ५ ने भाग जातो. अंकांची बेरीज २१ येते. तिला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही, म्हणून ३ हा अवयव एकदाच येतो. ७, ११ आणि १३ यांच्यासाठी तीन भागाकार मांडण्याचे कारण नाही: या तिघांचा गुणाकार १००१ असल्यामुळे, उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून ते आळीपाळीने अधिक-वजा केले की हाती येणारी लहान संख्या या तिन्ही भाजकांपुरती दिलेल्या संख्येचेच काम करते. ६०५ मधून ४१५ वजा केल्यास १९० उरतात. त्यांना भागल्यावर बाकी अनुक्रमे १, ३ आणि ८ येते, म्हणजे तिघेही बाद.

१५ ने भागल्यावर २७७०७ राहते आणि येथून चिकाटी लागते. मूळ संख्या वर्गमूळापर्यंतच तपासायच्या असतात. १६७ चा वर्ग २७८८९ असल्याने १६३ च्या पुढे जावे लागत नाही. १७ पासून १०१ पर्यंतच्या वीस मूळ संख्यांनी बाकी उरते आणि एकविसावी, १०३, निःशेष भागते: २७७०७ = १०३ × २६९. (८९ च्या वेळी हातचा विसरल्याने मला एकदा बाकी शून्य आली होती, म्हणून अवयव सापडला की उलट गुणाकार करून पाहावा.) २६९ वेगळी तपासावी लागत नाही, कारण तिचा लहान अवयव असता तर तो आधीच सापडला असता.

३, ५, १०३ आणि २६९ हे चारही अवयव एकेकदाच येत असल्याने विभाजक १६ होतात. त्यांची बेरीज ४ × ६ × १०४ × २७० = ६७३९२०; त्यातून संख्या स्वतः वगळल्यास २५८३१५ उरतात; ही बेरीज संख्येहून कमी पडते, म्हणजे संख्या न्यून आहे. ४ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून ती दोन वर्गांची बेरीज असेल अशी आशा वाटते. पण त्यासाठी ३ सारखा, ४ ने भागल्यावर ३ बाकी देणारा मूळ अवयव सम वेळा यावा लागतो; येथे ३ एकदाच आल्याने ती आशा फोल ठरते.

डहाणूला १९०५ मध्ये जन्मलेले गणितज्ञ द. रा. कापरेकर यांच्या दोन कसोट्या मला सर्वांत रंजक वाटतात. अंकांच्या बेरजेने संख्येला भाग गेला तर ती हर्षद. येथे २१ मधील ७ ने बाकी १ उरते, म्हणून मान थोडक्यात हुकला. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती स्वयंभू; तयार होत असेल तर ती आधीची संख्या तिचा जनक. आपल्या संख्येचा जनक ४१५५ ने सुरू होतो असे धरून शेवटचे अंक अ आणि ब मानले, तर ११अ + २ब = ९० हे समीकरण मिळते, ज्याला अ = ८, ब = १ हे एकच उत्तर आहे. ४१५५८१ मध्ये तिच्या अंकांची बेरीज २४ मिळवून पाहावी; म्हणजे आपली संख्या स्वयंभू नाही. याच रीतीने मागे गेल्यास ४१५५६०, ४१५५३६ आणि ४१५५१५ मिळतात, आणि या शेवटच्या संख्येला मात्र ४१५५०० आणि ४१५४९१ असे दोन जनक निघतात.