जुन्या चित्रातलं गोकाक: आधी चित्रकाराची जागा शोधा

मी बेळगावात मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवतो. गोकाकच्या धबधब्याचं जुनं छापील चित्र घेऊन नववीच्या पोरांकडून त्यातल्या जागा कशा शोधून घ्यायच्या, ते सांगतो. पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, हे आता कसं दिसतं?" उत्तर देऊ नका. मोबाइलवर फोटो निघाला की विषय तिथंच आटपतो. त्यापेक्षा उलट विचारा, चित्र काढणारा उभा कुठं होता?

अशी चित्रं मोठ्या ग्रंथालयांच्या आणि संग्रहालयांच्या वेबसाइटवर बघायला मिळतात. शोधताना आजचं स्पेलिंग पुरत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या इंग्रजी कागदांत, ज्या नदीवर हा धबधबा आहे त्या घटप्रभेची 'गटपर्बा' आणि शेजारच्या मलप्रभा नदीची 'मालपूर्बा' झालेली असते. चित्राखालची बारीक अक्षरंही उतरवून घ्या. बऱ्याचदा जागेवर रेखाटन करणारा एक आणि त्यावरून पत्र्यावर किंवा दगडावर छपाईचं काम करणारा दुसरा असायचा. दुसऱ्यानं गोकाक बघितलेलंही नसायचं.

पहिला माणूस लष्करातला असेल तर आपलं काम सोपं होतं. लंडनजवळ ॲडिस्कोम्बला कंपनीची सैनिकी शाळा होती, तिथं चित्रकला हा शिकवायचा विषयच होता, कारण मुलूख टिपून ठेवायला हात बसलेला लागायचा. त्यामुळं अशा चित्रांत मागच्या डोंगराची धार बरीच भरवशाची असते. पुढ्यातलं वाकडं झाड आणि त्याखाली टेकलेली माणसं हा मात्र पुष्कळदा वरून घातलेला मसाला. पोरं नेमकं उलटं धरून चालतात.

आता खरं काम. प्रोजेक्ट फाइलला लावायची पारदर्शक प्लॅस्टिक शीट स्टेशनरीच्या दुकानात मिळते. ती प्रिंटवर ठेवून पर्मनंट मार्करनं मोजक्या रेघा काढायच्या: कड्याची वरची कड, डोंगराची धार, देवळाचं शिखर, पाण्याच्या दोन्ही बाजू. पानं, सावल्या काही नको. धबधब्यावर गेल्यावर एकानं शीट हात लांब करून धरायची, एक डोळा मिटायचा आणि रेघा समोरच्या डोंगराला लावून बघायच्या. शीट डोळ्याजवळ आणली की रेघांचं चित्र मोठं होतं, लांब नेली की लहान. तेवढ्यानं आकार जुळतो. पण शिखर आणि त्यामागं डोंगरात दिसणारी खाच, ही जोडी काही केल्या जुळत नाही. त्यासाठी पोरालाच डावी-उजवीकडं सरकावं लागतं. जवळची आणि लांबची वस्तू अशा निदान दोन जोड्या एकाच ठिकाणावरून जुळल्या, तर चित्रकार तिथंच कुठंतरी उभा होता. परत येऊन नकाशावर प्रत्येक जोडीतून पट्टीनं रेघ ओढा. रेघा जिथं एकमेकींना छेदतात ती जागा तपासा.

काहीच जुळत नसेल तर शीट पालथी करा. छापताना चित्राची डावी-उजवी बाजू बदलते. कारागिरानं आधीच उलटं काढलं नसेल, तर अख्खा काठ दुसरीकडं गेलेला असतो.

धबधबा सुमारे ५२ मीटरचा आहे. चित्रात अगदी पायथ्याशी कुणी उभं असेल, तर पट्टीनं मोजल्यावर त्याची उंची धबधब्याच्या साधारण तिसाव्या हिश्शाइतकी भरायला हवी. पन्नासावा हिस्सा निघाला तर कुणीतरी धबधबा ताणलाय. अलीकडच्या काठावरचा माणूस या हिशोबाला चालत नाही.

काळ ठरवायला गिरणी कामाला येते. धबधब्याच्या पाण्याच्या जोरावर चालणारी गोकाकची कापडगिरणी १८८५ सालची. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रज सरकारनं काढलेल्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, बेळगाव खंड १८८४ चा, म्हणजे गिरणीच्या उंबरठ्यावरचा. तो पोरांना वाचायला लावाच. चित्रात गिरणी नाही म्हणून ते आधीचं, असं म्हणण्यापूर्वी त्या जागेवरून गिरणी दिसली असती का ते बघा. धबधब्याजवळच्या झुलत्या पुलाचंही तसंच.

पाण्यावरून मात्र काही ठरवू नका. नदीच्या वरच्या अंगाला धुपदाळचा बंधारा आहे, त्याच्याही वर हिडकलचं धरण. आजची धार ही चंदगडकडच्या पावसाइतकीच दरवाजे उघडण्यावर असते. पूर कुठवर चढतो हे तिथल्या माणसांना विचारा, आणि विचारायला घरी कन्नड बोलणारं पोरगं पुढं करा. एरवी वर्गात मागं बसणारं असलं तरी "अज्जा" म्हणून तेच गप्पा सुरू करतं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरापासून सुरुवात केली की माणसं बोलती होतात.

जायला पाऊस ओसरल्यावरचे दिवस बरे, डोंगराची धार स्पष्ट दिसते. शेवाळलेल्या खडकावर कुणाला सोडू नका. एक डोळा मिटून मागं सरकणारं पोर कड्याकडं जात नाही ना, हे बघायला प्रत्येक शीटमागं दुसरं पोर ठेवा.

शेवटी त्याच प्रिंटच्या झेरॉक्सवर रंग भरून घ्या: जुळलं ते हिरवं, जुळलं नाही ते लाल, ठरवता आलं नाही ते निळं. सगळंच हिरवं करून आणलेल्या गटाला मी मार्क कमी देतो. या रंगवलेल्या चित्राखालच्या ओळी मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहा आणि एक प्रत गोकाकात ज्यांनी माहिती दिली त्यांना पोचवा.