संकटकाळी देवाच्या अभिवचनांवर विसंबावे कसे

आजारपण, मृत्यू, आर्थिक ओढाताण किंवा जवळच्या नात्यातील दुरावा वाट्याला आला, की ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्र उघडतो आणि धीर देणारे एखादे वचन शोधू लागतो. तसे करणे योग्यच आहे. मात्र घाईत सापडलेले वचन मूळ प्रसंगापासून तोडून घेतले, तर देवाने देऊ केलेच नव्हते अशा गोष्टीची आपण वाट पाहत बसतो, आणि ती मिळाली नाही म्हणजे देवाने शब्द पाळला नाही असे वाटून आधीच दुखावलेले मन आणखी खचते. म्हणून विसंबण्याची सुरुवात वाचण्यापासून करावी. हे कोणाला सांगितले, कोणत्या परिस्थितीत सांगितले आणि यात नेमके काय देऊ केले आहे, असे तीन प्रश्न प्रत्येक अभिवचनाला विचारावेत.

यिर्मया २९:११ हे वचन बहुतेकांना पाठ असते. आपल्या लोकांविषयीचे देवाचे संकल्प हिताचे आहेत, ते त्यांना आशा आणि भवितव्य देणारे आहेत, असे तेथे म्हटले आहे. हे शब्द यरुशलेमेहून बाबेलला पाठवलेल्या पत्रातले आहेत आणि ते पाडाव होऊन परक्या देशात नेलेल्या लोकांना लिहिलेले आहेत. लगेच आधीच्या वचनात सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे, म्हणजे पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना मायदेश पुन्हा दिसणार नव्हता. त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सर्व काही पूर्ववत होईल असे सांगत होता, आणि ते ऐकायला अर्थातच गोड होते. पण ते देवाचे बोलणे नव्हते. पत्र लिहिणाऱ्या यिर्मया संदेष्ट्याने त्या लोकांना घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे कळवले. हे वचन आज हाती घेणाऱ्याने त्यासोबत ही प्रदीर्घ प्रतीक्षा आणि प्रतीक्षेतील रोजची कामेही स्वीकारावीत. आपण त्या इस्राएल राष्ट्रातले नसलो तरी वचन देणारा देव तोच आहे, आणि देवाच्या सर्व अभिवचनांना ख्रिस्तामध्ये होकार मिळाला आहे असे प्रेषित पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (१:२०) सांगतो; त्यामुळे त्याचा हिताचा हेतू आपल्यालाही लागू आहे, मात्र मुदत ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे येत नाही.

रोमकरांस पत्र ८:२८ वाचताना २९ वे वचन सोडू नये. देव सर्व गोष्टींतून आपल्यावर प्रीती करणाऱ्यांचे कल्याण साधतो, असे पहिले वचन म्हणते. ते कल्याण कोणते, हे दुसरे वचन सांगते: त्याच्या पुत्राच्या प्रतिमेशी अनुरूप होणे. गेलेली नोकरी अधिक चांगल्या पगाराने परत येईल, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. नीतिसूत्रांतील पुष्कळ वाक्ये तर जीवनाची सर्वसाधारण रीत सांगणारी आहेत. मुलाला योग्य मार्गाचे शिक्षण दिले तर म्हातारपणीही तो त्यापासून ढळणार नाही, या वाक्याला (२२:६) हमी मानल्यामुळे कितीतरी आईबापांनी विनाकारण स्वतःला दोषी ठरवले आहे. शिवाय सैतानाने येशूची परीक्षा घेताना वापरलेले शब्द ९१ व्या स्तोत्रातले होते. देवदूत तुला झेलतील, तेव्हा मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, असे तो म्हणाला. येशूने उत्तर दिले, की परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. वचन खरे असूनही त्याचा वापर खोटा असू शकतो.

मग निःशंकपणे कशावर भार टाकावा? माझ्या मते शास्त्रात सर्वांत ठामपणे आणि पुन्हा पुन्हा दिलेले अभिवचन देवाच्या सोबतीचे आहे. यशया ४३:२ मध्ये पाण्यातून आणि अग्नीतून जावे लागेल हे गृहीतच धरले आहे, आणि तेथे मी तुझ्याबरोबर असेन असे सांगितले आहे. जगात क्लेश आहेत, असे येशूने वधस्तंभाच्या आदल्या रात्री शिष्यांना स्पष्ट सांगितले आणि त्याच वाक्यात धीर धरा असेही म्हटले. तेविसाव्या स्तोत्राच्या आरंभी दावीद देवाला आपला मेंढपाळ म्हणून त्याच्याविषयी बोलतो. मृत्युच्छायेच्या दरीत पोहोचल्यावर मात्र तो थेट त्याच्याशीच बोलू लागतो, कारण तू माझ्याबरोबर आहेस. पौलाने आपल्या शरीरातील काटा, म्हणजे सतत सलणारा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा तसाच राहिला, पण त्याला पुरेल एवढी कृपा देण्याचे अभिवचन मिळाले. संकटातून सुटका मागण्यास काहीच हरकत नाही, अवश्य मागावी; आधार मात्र या सोबतीवर ठेवावा.

प्रत्यक्ष सरावासाठी एका वेळी एकच अभिवचन निवडावे. भाराभर वचने जमवल्याने मन एकाही वचनावर स्थिरावत नाही. निवडलेले वचन ज्या अध्यायात आहे तो अध्याय काही दिवस रोज संपूर्ण वाचावा, वचन स्वतःच्या हाताने लिहून काढावे, आणि मग ते आपल्या परिस्थितीचे नाव घेऊन प्रार्थनेत देवापुढे मांडावे: ‘प्रभू, तू सोडणार नाहीस असे म्हटले आहेस, उद्या तपासणीचा अहवाल येणार आहे, तेव्हा माझ्याजवळ राहा.’ भीती रात्री अधिक दाटते, म्हणून झोपण्यापूर्वीची वेळ यासाठी विशेष उपयोगी ठरते.

अशा प्रार्थनेत तक्रार आली तर घाबरू नये. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत ‘किती काळ’ हा प्रश्न चार वेळा येतो, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. ही दोन्ही स्तोत्रे देवाच्या लोकांना प्रार्थनेसाठीच मिळाली आहेत. देवाची दया रोज सकाळी नवी होते, हे विलापगीतातले प्रसिद्ध वचन (३:२२-२३) उद्ध्वस्त नगरासाठी केलेल्या आक्रोशाच्या ऐन मध्यावर आले आहे. विश्वासच डळमळला असेल, तर मार्काच्या शुभवर्तमानातील (९:२४) मुलाला बरे करा अशी येशूला विनवणी करणाऱ्या पित्याप्रमाणे, मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवा, एवढेच म्हणावे. येशूने त्याच्या मुलाला बरे केले. आधी पुरेसा विश्वास घेऊन ये, असे त्याला सांगितले नाही.

मार्गदर्शनासाठी शास्त्र कोठेही उघडून दिसेल ते वाक्य उत्तर म्हणून घेण्याची सवय सोडून द्यावी. स्तोत्र ११९:१०५ मध्ये वचनाला पावलांसाठी दिवा म्हटले आहे, आणि दिव्याने पुढचे पाऊल दिसते, सारा रस्ता दिसत नाही. याकोब (१:५) ज्ञान मागणाऱ्याला ते मिळेल असे सांगतो. तेव्हा निर्णयापूर्वी ज्ञान मागावे, शास्त्राने स्पष्ट मना केलेले मार्ग वगळावेत आणि मंडळीतील अनुभवी माणसांचा सल्ला घ्यावा. उतावीळपणा टाळावा, हेही खरे. देवाने संततीचे अभिवचन दिलेला अब्राहाम हारान नगर सोडून निघाला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता आणि त्या अभिवचनाचा मुलगा इसहाक जन्मला तेव्हा शंभर वर्षांचा. मधल्या काळात त्याची बायको सारा आणि तो यांनी दासी हागारेपासून मूल मिळवून अभिवचन स्वतःच पुरे करण्याचा प्रयत्न केला, आणि त्याचे दुःख हागार व तिचा मुलगा इश्माएल यांना भोगावे लागले.

याउलट, अभिवचन आहे म्हणून हातपाय न हलवणे हीसुद्धा चूक आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ मध्ये वादळात सापडलेल्या जहाजावर २७६ माणसे होती, आणि कोणाचाही जीव जाणार नाही असे देवदूताने पौलाला सांगितले होते. तरीही खलाशी होडीतून पळू पाहत आहेत हे दिसताच पौलाने शताधिपतीला (शंभर शिपायांवरच्या रोमी अधिकाऱ्याला) बजावले, की हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिवाय सर्वांना अन्न घेण्याचा आग्रह केला. औषधोपचार घेणे, कर्जाबद्दल सावकाराशी बोलणे, मन फार खचले असल्यास तज्ज्ञाकडे जाणे, यांत अविश्वास नाही.

शेवटची सूचना इतरांचे सांत्वन करणाऱ्यांसाठी आहे. मुलेबाळे, संपत्ती आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर त्यांच्या हातून चूक झाली नव्हती. ते स्पष्टीकरणे देऊ लागले तेव्हा बिघडले. ज्याच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे त्याला रोमकरांस पत्र ८:२८ ऐकवण्याची घाई करू नये; त्याच पत्रात (१२:१५) शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा अशी आज्ञा आहे, ती आधी पाळावी. त्याला प्रार्थनेसाठी शब्द सुचत नसतील, तर त्याची परवानगी घेऊन त्याच्याजवळ बसून एखादे स्तोत्र सावकाश मोठ्याने वाचावे, आणि त्याने विचारले नसेल तर अर्थ सांगू नये.