मिरगापूर्वी कौलारू घराची तयारी, आणि पन्हळ

कोकणातल्या कौलारू घराची पावसाळ्यापूर्वीची तयारी लिहून काढावी असे वाटले, त्याला माझी मागच्या वर्षीची चूक कारण आहे. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घराची कौले मी मे महिन्यात चार गडी लावून सगळी परतून घेतली, म्हणजे काढून, साफ करून पुन्हा बसवून घेतली, फुटकी बदलली, आढ्यावरचे कोने, म्हणजे माथ्याची कौले, नव्याने बसवले आणि निर्धास्त मनाने मुंबईला निघून आलो. गणपतीला घर उघडले तेव्हा स्वयंपाकघराची भिंत वरपासून जोत्यापर्यंत ओली होती, आणि माजघराचे व स्वयंपाकघराचे छप्पर जिथे काटकोनात मिळतात तिथल्या कोनवाशात बोट रुतत होते. कौल एकही फुटलेले नव्हते. दोन छपरांमधली पन्हळ, म्हणजे त्या कोनातून पाणी वाहून नेणारी पत्र्याची वाट, मात्र आंब्याच्या कुजलेल्या पाल्याने काठोकाठ भरली होती, आणि पाणी तिच्या काठावरून कौलांखाली शिरून वाशावर मुरत राहिले होते. असे लाकूड एका पावसाळ्यात कुजत नाही. म्हणजे त्याआधीची दोन-तीन वर्षेही मी तिकडे पाहिलेले नव्हते. म्हणून पुढे पन्हळीचा उल्लेख वारंवार येईल, आणि तो प्रत्येक वेळी वाचावा अशी विनंती आहे.

पहिली गोष्ट वेळेची. मिरग 7 जूनच्या सुमारास लागतो आणि दक्षिण कोकणात मोसमी पाऊसही साधारण त्याच सुमारास पोहोचतो, म्हणून मे महिनाअखेरपर्यंत सवड आहे असा हिशेब अनेक जण करतात. तो चुकीचा आहे. वळवाच्या सरी मेच्या उत्तरार्धात केव्हाही येतात. 2021 मध्ये तौक्ते वादळ मेच्या मध्यालाच किनाऱ्यावरून गेले आणि त्याच्या आदल्या वर्षी निसर्ग वादळ 3 जूनला रायगडच्या किनाऱ्यावर येऊन धडकले. त्या दिवसांत ज्यांची कौले उतरवून अंगणात रचलेली होती, त्यांच्या घराची काय स्थिती झाली असेल याचा विचार करावा. काम 10 मेपर्यंत संपले पाहिजे. त्या पंधरवड्यात साऱ्या गावाला तेच गडी हवे असतात, तेव्हा शिमग्याला गावी जाल तेव्हाच त्यांच्याशी बोलून दिवस ठरवून यावे, आणि बोलतानाच सांगावे की कौले परतणे आणि पन्हळ साफ करणे अशी दोन कामे आहेत. मी ‘कौले परतायची आहेत’ एवढेच सांगितले होते. गड्यांनी सांगितलेले काम चोख केले. दोष त्यांचा नव्हता.

सामानात शिडी, दोर, बाइंडिंगची तार आणि ताडपत्री लागते हे सर्वांना ठाऊक आहे. कौलांबाबत मात्र एक सूचना आवश्यक आहे. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढला तेव्हापासून या कौलाला मंगलोरी म्हणतात, परंतु पुढे ती अनेक कारखान्यांत होऊ लागली, आणि एका कारखान्याच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलात नीट बसेलच असे नाही. वरून दोन्ही सारखीच दिसतात. खाच अर्धा बोट जरी उचललेली राहिली तरी वाऱ्याबरोबर आलेले पाणी तिथून आत येते. म्हणून आपल्या छपरावरचे एक कौल काढून सोबत न्यावे, त्याच्या पाठीवरचा ठसा पाहावा आणि दुकानातच नवे कौल त्यावर चढवून बघावे. जुन्या घराचे मोडतोडीचे कौल आपल्या ठशाचे मिळाले तर नव्यापेक्षा ते बरे. शंभर चौरस फुटांना सुमारे दीडशे कौले लागतात. दुरुस्तीसाठी त्याचा दहावा हिस्सा जास्त घ्यावीत आणि उरतील ती पडवीत उभी रचून ठेवावीत. घेताना प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवावे. खणखणीत वाजले तर घ्यावे. बद्द आवाज आला तर चीर दिसत नसली तरी ती आहे असे समजावे. याच फेरीत पन्हळीसाठी गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणावा. जुना पत्रा चांगला निघाला तर नवा पडून राहील, पण ऐन कामाच्या दिवशी जुन्याला भोक सापडले आणि हाताशी पत्रा नसला तर तिथे डांबर फासून वेळ मारून नेली जाते, आणि ते डांबर पुढच्या उन्हाळ्यात तडकते.

वर चढण्यापूर्वी छप्पर आतून पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. भर दुपारी दारे-खिडक्या लावून माळ्यावर उभे राहिले की जिथून उजेडाची तिरीप येते तिथून पाणीही येणार, हे सरळ आहे. तिथल्या वाशावर खडूने खूण करावी. परंतु पन्हळीखालच्या भागात उजेड दिसत नाही, कारण वर पत्रा असतो, आणि म्हणूनच ती जागा सुरक्षित आहे असा समज होतो. तिथे बॅटरीचा झोत टाकून लाकडाचा रंग पाहावा. कोरड्या वाशापेक्षा काळपट दिसणारा पट्टा, पांढुरकी बुरशी किंवा खिळ्याभोवती गंजाची ओघळ असेल तर पेचकसाचे टोक लाकडात खुपसून पाहावे. चांगल्या सागात किंवा किंजळीत ते शिरत नाही. सहज शिरले तर तो वासा या उन्हाळ्यात बदलावा. पुढच्या वर्षी बघू असे म्हणू नये. वासे भिंतीवर जिथे टेकतात ती टोके आणि वळचणीला बाहेर आलेली टोके याच रीतीने तपासावीत. जांभ्याच्या भिंतीवरून मातीच्या बारीक नळ्या वर गेलेल्या दिसल्या तर ती वाळवी आहे, आणि जमिनीवर पिठासारखा भुसा पडत असेल तर लाकडात कीड आहे. पूर्वी चुलीच्या धुराने छपराचे लाकूड कोरडे राहत असे. बंद घरात तेवढेही होत नाही, त्यामुळे ही पाहणी आपल्यालाच करायला हवी. काजूच्या टरफलांचे तेल लाकडाला लावण्याची आपल्याकडची जुनी पद्धत उत्तम आहे, मात्र लाकूड पूर्ण वाळलेले असावे आणि लावणाऱ्याच्या हातात मोजे असावेत. ते तेल कातडीला लागले की भाजल्यासारखे फोड येतात, आणि हे मी पाहिलेले आहे.

छपरावर झुकलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या तोडाव्यात. झाड जाऊ नये असे वाटते हे मी समजतो, पण फांदीखालच्या कौलावर ऊन पडत नाही, शेवाळ धरते आणि पाला थेट पन्हळीत पडतो. माडाचे सुके नारळ व लोंबती झावळ्याही याच वेळी उतरवून घ्याव्यात.

आता पन्हळ. घर एका आयताचे असेल आणि दोनच पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, असतील तर ही अडचण उद्भवत नाही, कारण पाणी दोन्ही बाजूंच्या वळचणीवरून पागोळ्यांनी खाली जाते. परंतु घराला नंतर काटकोनात एखादी खोली जोडलेली असली की दोन पाख्यांचे पाणी एकाच अरुंद वाटेने जाऊ लागते. थोडा हिशेब करावा. त्या कोनात उतरणारे छप्पर चाळीस चौरस मीटर धरले आणि दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला, जो आपल्याकडे जुलैत अपूर्वाईचा नव्हे, तर त्या एका पन्हळीतून चार हजार लिटर पाणी वाहते. एवढ्या पाण्यासमोर ओंजळभर पाला अडकला तरी तो बांध ठरतो. पाणी तुंबते, पत्र्याच्या काठावर चढते आणि कौलांच्या खालून घरात येते, आणि वरून पाहणाऱ्याला एकही कौल हललेले दिसत नाही.

म्हणून पन्हळ पाहायची ती वरून नजर टाकून नव्हे. तिच्या दोन्ही बाजूंची एकेक ओळ कौले काढावीत, कारण कुजलेला पाला, उंदरांची घरटी आणि माती त्या कापलेल्या कौलांच्या कडेखाली दडलेली असते. सारा गाळ हाताने काढावा. खराट्याने ढकलला तर तो खालच्या तोंडाशी जाऊन बसतो. पत्रा ओल्या फडक्याने पुसून त्यावरची भोके व गंज पाहावा. सांध्यात वरचा पत्रा खालच्यावर किमान वीतभर चढलेला असावा. पत्र्याच्या मध्यावर खिळा कधीही मारू नये आणि कोणाला मारू देऊ नये. खिळे कडेलाच असावेत. पत्र्याच्या दोन्ही कडा वर दुमडून कौलांखाली पुरेशा आत गेलेल्या असाव्यात, आणि कौले पुन्हा बसवताना दोन्ही बाजूंच्या कौलांमध्ये निदान हात आत जाईल एवढी मोकळी वाट राहावी. ही वाट अरुंद असली की घर नेटके दिसते आणि पाला अडकतो. आमच्याकडे ती चार बोटांचीच होती. सर्व झाल्यावर वरच्या टोकाशी दोन बादल्या पाणी एकदम ओतावे आणि त्या वेळी एका माणसाला माळ्यावर बॅटरी घेऊन उभे करावे. एक थेंबही दिसला तर काम पुन्हा करावे.

यात माझ्या उशिरा लक्षात आलेली आणखी एक गोष्ट आहे. कौले परतताना त्यांवरचे खरवडलेले शेवाळ, माती, कौलांचे तुकडे आणि वाळका पाला उतारावरून घरंगळत पन्हळीतच येतो. म्हणजे मागच्या वर्षी मी पन्हळ साफ केली नाही एवढेच झाले नाही, तर करवून घेतलेल्या कामाने ती आणखी भरली. तेव्हा पन्हळ कौले परतण्यापूर्वी एकदा आणि परतून झाल्यावर पुन्हा एकदा साफ करायची आहे. गडी मजुरी घेऊन जाण्याच्या आत दुसऱ्यांदा करायची आहे.

कौले परतण्याचे काम जाणत्या गड्यांना नवे नाही. वाशाच्या रेषेवर फळी टाकून तिच्यावरूनच चालावे, ओल्या कौलांवर चढू नये, आणि कौलांखाली विंचू असतात म्हणून उघड्या हाताने चाचपू नये. प्रत्येक कौलाच्या खाचेतली माती काढून टाकावी, कारण खाच भरली की पाणी आडवे सरकते. गळती दिसली तिथे सिमेंट लावण्याचा आग्रह कोणी धरला तर ठामपणे नाही म्हणावे. सिमेंटने जखडलेले कौल पुढे न फोडता निघत नाही आणि सिमेंट तडकल्यावर त्या भेगेतून पाणी अधिकच मुरते. गळतीचे कारण बहुधा सरकलेली रीप (कौले जिच्यावर टेकतात ती आडवी पट्टी) किंवा वाकलेला वासा असतो, ते शोधावे. आढ्यावरच्या कोन्यांची बांधणी मात्र चुना-सिमेंटानेच करावी लागते. वारा प्रथम वळचणीकडची आणि कडेची कौले उचलतो, त्यामुळे त्या दोन ओळी रिपेला तारेने बांधाव्यात. माकडांचा उपद्रव असेल तर बांधलेली कौले त्यांनाही सहज उचलता येत नाहीत.

पडवीवर पत्रे असतील तर हुकांची रबरे पाहावीत. पागोळ्या जिथे पडतात तिथली चर उपसून घ्यावी. पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांची झडप बांधावी.

वळवाची पहिली सर आली की माळ्यावर जावे आणि खडूच्या खुणा पाहाव्यात. जुलैच्या मध्यावर पन्हळ पुन्हा उपसावी, कारण पावसाळ्यातही पाला पडतच असतो. जे गावी राहत नाहीत त्यांनी शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवताना शिडी कोठे आहे ते दाखवावे, उपसण्याची मजुरी आगाऊ देऊन यावे, आणि मुंबईहून फोन कराल तेव्हा ‘घर ठीक आहे ना’ असे न विचारता ‘पन्हळ उपसली का’ असे विचारावे.