या चुका टाळा: दुखतं नडगीला, बिघडलंय भलतंच

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात, पण आपल्यासारख्या हौसेनं पळणाऱ्या लोकांचं दुखणं येतं पण मुंगीच्याच पावलानं. आधी नुसती कुरकुर, मग पहिला किलोमीटर दुखतं आणि पुढे गरम झालं की जातं, मग जिना उतरताना पण जाणवतं, आणि तोपर्यंत दोन महिने गेलेले असतात.

माझी नडगी अशीच दुखत होती. स्ट्रेचिंग वाढवलं, पोटरीला बांधायचे पट्टे आणले, शूजच्या आतले इनसोल बदलले, काही फरक नाही. एकदा सहज 400 मीटरच्या ट्रॅकवर सगळ्यात आतल्या लेनमधून 10 चकरा मारल्या, म्हणजे 4 किमी व्हायला पाहिजेत, तर फोन दाखवतोय 3.4! बॅटरी सेव्हर चालू होता, स्क्रीन बंद झाली की तो मागे चालणाऱ्या, अंतर मोजणाऱ्या ॲपला झोपवत होता आणि जाग आल्यावर दोन बिंदूंमध्ये सरळ रेष मारून मोकळा, वळणं सगळी गायब. म्हणजे फोन 8 म्हणेपर्यंत मी पळायचो तेव्हा खरे साडेनऊच्या आसपास होत होते, आणि शूजचे 600 किमी झाले असं ॲप सांगत होतं ते खरं 700 च्या पुढे गेलेलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

म्हणून पहिली चूक हीच, जिथे दुखतं तिथेच बघत बसणं. दुखायला लागायच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत काय बदललं ते लिहून काढा: अंतर, वेग, चढ, शूज, रस्ता, झोप. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. आणि फोनमध्ये बॅटरीच्या सेटिंगला जाऊन धावायच्या ॲपवरचं बंधन काढून टाका (अँड्रॉइडवर 'अनरिस्ट्रिक्टेड' असा पर्याय असतो), लोकेशनची परवानगी पण तपासा.

शूजचा तळ बघून निर्णय घेऊ नका. तळाची नक्षी शाबूत असते पण मधला फोम दबून मेलेला असतो. साधारण 500 ते 800 किमी हा अंदाज धरतात, वजन आणि पळायच्या पद्धतीप्रमाणे मागेपुढे. शूज सपाट टेबलावर ठेवून मागून बघा, एका बाजूला कललेत का, फोमवर आडव्या सुरकुत्या घट्ट बसल्यात का. आणि प्लीज वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका आणि हीटरजवळ वाळवू नका, उष्णतेनं गोंद सुटतो. इनसोल काढायचे, ओल्या फडक्यानं पुसायचं, आत कागदाचे बोळे कोंबून सावलीत ठेवायचं. पायाची नखं काळी पडत असतील तर शूज बहुतेक लहान आहेत, पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पाहिजे, आणि पाय दिवसभरात थोडे फुगतात म्हणून शूज संध्याकाळी घ्यावेत.

आता आरामाबद्दल, यावर मी जरा जास्तच बोलतो. दुखलं की दोन आठवडे पूर्ण बंद, बरं वाटलं की पहिल्याच दिवशी जुन्या अंतरावर उडी, परत दुखणं, परत बंद. टाचेच्या वरच्या जाड शिरेला, अकिलीसला, तर हे अजिबात मानवत नाही, तिला आराम नको, मोजून मापून भार पाहिजे. स्वीडनच्या डॉ. अल्फ्रेडसननी 1998 मध्ये मांडलेला व्यायाम अजून फिजिओ देतात: पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहून दुखणाऱ्या पायाची टाच हळूहळू खाली सोडायची आणि वर यायला दुसऱ्या पायाचा आधार घ्यायचा. गुडघा सरळ ठेवून 15 चे 3 सेट, वाकवून 15 चे 3 सेट, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. म्हणजे रोज 180 वेळा, कंटाळा येतो, आणि लोक तिसऱ्या आठवड्यात सोडतात तीच चूक. हा टाचेच्या हाडाच्या थोडं वर दुखत असेल त्यांच्यासाठी, अगदी हाडाला चिकटून दुखत असेल तर टाच पायरीच्या खाली नेऊ नका.

किती दुखलं तर चालेल? दहापैकी तीनपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जैसे थे असेल तर ठीक, वाढलेलं असेल तर कालचं जास्त झालं. पेनकिलर घेऊन पळणं म्हणजे हा मीटरच बंद करणं, शिवाय अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीवर ताण देतात.

राइसची गंमत बघा. मुरगळलं की आराम, बर्फ, पट्टी, पाय वर, याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'राइस' हे नाव डॉ. गेब मर्किननी 1978 मध्ये दिलं, आणि पुढे त्यांनीच सांगितलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी बरं व्हायला उलट उशीर होऊ शकतो. दुखणं कमी करायला थोडा वेळ बर्फ चालतो, पण तो म्हणजे उपचार नव्हे. आणि दुसरा राइस म्हणजे भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात! ॲपलनंच सांगितलंय की असं करू नका, तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान होऊ शकतं. चार्जिंगचा पोर्ट खाली करून तळहातावर हलके आपटा, हवेशीर जागी ठेवा, निदान अर्धा तास चार्जर लावू नका, पूर्ण वाळायला एक दिवस पण लागू शकतो. हेअर ड्रायर नको, कापसाची काडी पण नको.

वॉटरप्रूफ आहे ना, मग घामाचं काय, असं वाटतं. फोनवर लिहिलेल्या आयपी 67 या पाणीरोधक दर्जाचा अर्थ एक मीटर पाण्यात 30 मिनिटं, ते पण साध्या पाण्यात आणि नव्या फोनसाठी. घाम खारट असतो आणि सील जुनी होत जातात. घट्ट प्लास्टिकच्या पिशवीत फोन ठेवला तर आतच वाफ धरते, त्यापेक्षा कमरेचा पट्टा बरा, हातात धरून पळू नका, एक हात आखडतो आणि खांदा भरून येतो.

केबल नीट बसत नसेल तर नवीन केबल घ्यायच्या आधी पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. खिशातला कचरा दाबून बसलेला असतो. पोर्ट कोरडा असताना फोन बंद करून लाकडी टूथपिकनं अलगद काढायचा, पिन किंवा सुई अजिबात नाही.

घड्याळ हार्ट रेट 170 दाखवतंय आणि तुम्ही आरामात गप्पा मारत पळताय? पट्टा सैल असेल, सेन्सर पावलांचा ठेका मोजतोय. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर घट्ट बांधा.

दोन गोष्टींत मात्र घरचे प्रयोग नकोत. नडगीवर बोट फिरवताना लांबवर सगळीकडे दुखत असेल तर एक वेळ भार कमी करून बघता येईल, पण एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत कळ येत असेल किंवा रात्री झोपेत ठणकत असेल तर हाडाला चीर असू शकते, पळणं त्याच दिवशी बंद आणि डॉक्टर. आणि फोनची स्क्रीन कडेनं वर उचलली गेली असेल तर ती दाबून बसवू नका, आतली बॅटरी फुगलेली असू शकते, फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि सर्व्हिस सेंटरला न्या.